एर्लेनश्टाइनच्या राणीचे वाटे

सरका रे जरा. ओजस, गोधडी एवढी ओढू नकोस, रेवा उघडी पडतेय बघ. हं. आता मधे मधे प्रश्न नाही विचारायचे. हुंकार तेवढा द्यायचा. हुंकार थांबला की मी समजेन, स्वारी झोपली.

तर एक होतं संस्थान. आपल्याकडे सांगलीचं होतं, औंधचं होतं, तसंच. पण हे तिकडे, जर्मनीत. नाव एर्लेनश्टाइन. हसू नका, मला ते नाव म्हणायला दोन दिवस लागले होते. तुमच्या मावशीच्या बाळंतपणाला मी तिकडे गेले होते ना, तेव्हा शेजारच्या हेल्गाबाईंनी सांगितली मला ही गोष्ट. त्या त्यांच्या भाषेत सांगायच्या, मावशी मराठीत सांगायची, आणि मी आपली बाळाला तेल लावता लावता ऐकायची. नकाशात शोधायला जाऊ नका बरं का, सापडायचं नाही. गोष्टीतलं संस्थान आहे ते.

हे संस्थान पूर्वी केवढं मोठं होतं, माहितेय? घोडेस्वार या टोकाहून निघाला की सातव्या दिवशी त्या टोकाला पोचायचा. मग काय झालं? मग राजाला मुलगे झाले. आणि त्या घराण्याची एक रीत होती. राजा गेला की सगळ्या मुलग्यांना सारखे वाटे. वाटे घालायचे थोरल्याने, आणि आधी उचलायचा धाकट्याने. मग त्याच्या वरच्याने. असं करत करत थोरल्याच्या हाती शेवटचा, उरेल तो. कळलं का? काल रेवाने वडी मोडली आणि ओजसने आधी उचलली, तसंच. ज्याला शेवटी घ्यायचंय तो कशाला लहानमोठं मोडेल? मेल्यांनी डोकं लढवलं होतं खरं!

आणि उचलायचं म्हणजे काय, तर प्रत्येक वाट्यातल्या जमिनीचं एक ढेकूळ आणायचं. एकेका वाडग्यात एकेक ठेवायचं. ज्याने जे ढेकूळ उचललं ती जमीन त्याची.

मुलींना काय? मुलींना काही नाही. लग्न लावून द्यायचं, नाहीतर मठात धाडायचं. तोंड वाकडं करू नकोस रेवा, आपल्याकडे तरी फार काय निराळं होतं?

मग असं करत करत पिढ्या गेल्या. सात दिवसांचं संस्थान तीन दिवसांचं झालं, तीनाचं एकाचं झालं. आपल्या मिरजेची नाही का थोरली पाती, धाकटी पाती झाली. घरोघरी मातीच्या चुली, बाबांनो. लुडॉल्फ नावाच्या राजाच्या हाती संस्थान आलं तेव्हा घोडेस्वार न्याहारी करून निघाला तर जेवणवेळेला हद्दीपलीकडे! पण त्या चिमुकल्या संस्थानात सगळं होतं हं. एक टेकडी, टेकडीवर किल्ला. खाली नदी. आणि पलीकडे जंगल.

लुडॉल्फ राजाची राणी युट्टा. तिला तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरला गेबहार्ट. हा फार न्यायी. इतका न्यायी की सफरचंद कापलं तर बियासुद्धा सारख्या वाटायचा. मधला वोल्फ्राम. मधल्याला घरात कुणी काही विचारत नाही, म्हणून मग तोही कुणाला काही विचारायचा नाही. मग मुलगी, इर्मा. आणि सगळ्यांत धाकटा कूनो. या कूनोला जन्मात कधी नवा कोट मिळाला नव्हता. गेबहार्टचा वोल्फ्रामला, वोल्फ्रामचा कूनोला. घोडा मिळाला तोही दोघांनी दमवलेला. राजपुत्र झाला म्हणून काय झालं, धाकटं ते धाकटंच.

तर एक दिवस लुडॉल्फ राजा वारला. मग गेबहार्ट वाटे घालायला बसला. तीन महिने त्याने सगळी जमीन दोरीने मोजली. एक वाटा टेकडी आणि किल्ला. दुसरा नदी, तिच्यावरच्या गिरण्या आणि काठावरची हवेली. तिसरा जंगल आणि शिकारखाना. तिन्ही हद्दी जिथे मिळत होत्या तिथे एक मोठा सपाट दगड होता. त्या दगडावर तीन वाडगे मांडले.

कूनो पुढे आला. आता सांगा, त्याने काय उचललं असेल? किल्लाच की! ढेकूळ हातात घेतलं आणि पोराचे डोळे भरून आले. अख्ख्या जन्मात पहिल्यांदा त्याने सगळ्यांच्या आधी काहीतरी घेतलं होतं. मग वोल्फ्रामने नदी घेतली. गेबहार्टला जंगल उरलं. आणि पुढे तंटा नको म्हणून तिघांनी करार केला, की एका भावाने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही.

जमीन झाली. मग राहिलं घरातलं सामान.

आधी काढलं जेवणाचं टेबल. ओकचं, लांबलचक, चाळीस माणसं बसतील असं. गेबहार्टने करवत मागवली आणि सारखे तीन तुकडे केले. आणि गंमत काय झाली? मधल्या तुकड्याला पायच नाहीत! तो आला वोल्फ्रामकडे. त्याने बिचाऱ्याने नवे पाय ठोकून घेतले.

मग काढली घंटा. किल्ल्यावरची ही थोरली घंटा. ती वाजली की टेकडीवरच्या, नदीवरच्या, जंगलातल्या सगळ्या लोकांना एकदम ऐकू जायची. ती वितळवून तीन घंटा केल्या. तिन्ही बरोब्बर सारख्या वजनाच्या. पण आवाज कसला? टण टण! अंगणाच्या बाहेरसुद्धा जाईना.

मग काढल्या तसबिरी. पूर्वजांच्या, एकोणीस. सहा सहा प्रत्येकाला गेल्या आणि एक उरली. सगळ्यांत जुनी, धुराने काळी पडलेली. तिच्यात होती बेर्टा राणी. घराण्याची पहिली, सगळ्यांची खापरपणजी. गेबहार्टने पुन्हा करवत उचलली. तेव्हा मात्र इर्मा आडवी उभी राहिली. म्हणाली, "दादा, खापरपणजीला कापणार तू?" गेबहार्टही जरा ओशाळला. मग हद्दीवरच्या त्या दगडाशेजारी वाटसरूंसाठी एक खोपी होती, तिच्या भिंतीला ती तसबीर टांगून टाकली. म्हणजे ना याची, ना त्याची.

सगळं संपलं. गेबहार्टने यादी बघितली आणि म्हणाला, "आई राहिली."

वोल्फ्राम म्हणाला, "आईचं काय?"

"आईचेही वाटे झाले पाहिजेत. ती माझ्याकडे राहिली तर तुमच्यावर अन्याय. तुमच्याकडे राहिली तर माझ्यावर."

आणि कागदावर लिहिलं की आईचा एक भाग कूनोचा, एक वोल्फ्रामचा, एक गेबहार्टचा. चार चार महिने एकेकाकडे, धाकट्यापासून सुरुवात. तिघांनी लाखेचे शिक्के मारले. युट्टा राणी खिडकीपाशी बसली होती. तिने एवढंच विचारलं, "आणि इर्मा कुणाकडे?"

"इर्मा वाट्यात नाही, आई."

"मग ती माझ्याबरोबर येईल."

काय रे ओजस? आईचे वाटे कसे करतात? करतात, बाळा. माझीच आई घे. माझे चार भाऊ. आईला त्यांनी तीन तीन महिने वाटून घेतलं होतं. चौघेही चांगले हो, गरम गरम वाढायचे, औषधपाणी बघायचे. पण आई तिची पिशवी कधी पूर्ण रिकामी करायची नाही. एक लुगडं नेहमी घडी घालून तळाशी असायचं, निघायच्या तयारीत. आणि मी सासरी बसून म्हणायचे, वा, काय छान सोय केलीय आईची! मला शहाणीला तेव्हा काही कळलं नाही. असो. हुंकार द्या, हुंकार.

मग काय, राणी इर्माला घेऊन कूनोच्या किल्ल्यावर राहिली. कूनोने तिला रेशमी गाद्यांचा पलंग दिला, काही कमी केलं नाही. चार महिने झाले. ती निघाली. आणि वोल्फ्रामच्या हवेलीत पहिल्याच रात्री इर्माच्या लक्षात आलं, आईला झोप नाही. डोळे मिटायची, पण झोप येईना. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही.

वोल्फ्रामच्या घरी स्वयंपाकीण मोठी बोलघेवडी होती. राणी तिच्याशी गप्पा मारायची, हसायची. तेवढाच जिवाला विरंगुळा. चार महिने झाले. ती निघाली. आणि गेबहार्टच्या जंगलात गेल्यावर बघतात तर राणीचं हसूच गेलेलं. गेबहार्टची पोरं आजीपुढे माकडचेष्टा करायची, पण ती नुसती बघायची.

गेबहार्टच्या घरी ती चुलीपाशी बसून पोरांना हाका मारायची. शाल घे रे, ओलं डोकं पूस रे. चार महिने झाले. पुन्हा कूनोकडे जायचं म्हणून दोघी निघाल्या. वाटेत इर्माने विचारलं, "आई, पाणी देऊ?" आईने तोंड उघडलं, पण आवाज नाही.

इर्मा घाबरली हो! हद्दीवरच्या खोपीत तिने आईला बसवलं. दुपारची वेळ, लख्ख ऊन पडलेलं. इर्माने आईकडे बघितलं आणि तिच्या काळजात चर्र झालं. आईच्या अंगातून पलीकडची भिंत दिसत होती! पुसट पुसट, पण दिसत होती. मग मात्र तिला रडू आवरेना.

तेवढ्यात भिंतीवरून कुणीतरी म्हणालं, "रडतेस काय? डोळे पूस आधी."

कोण बोललं? बेर्टा राणी! तसबिरीतली! काळ्या रंगातून तिचे डोळे चमकत होते आणि कपाळाला ही एवढी आठी.

इर्माने हात जोडले. म्हणाली, "पणजीबाई, माझ्या आईला काय झालंय?"

"काय व्हायचंय? हिचे तीन भाग करून शिक्के मारले ना तुझ्या भावांनी? मग ज्याचा भाग त्याच्या घरी राहिला. झोप राहिली धाकट्याकडे, हसू मधल्याकडे, आवाज थोरल्याकडे. आता दुसरी फेरी होऊ दे. चालणं राहील, ओळख राहील, श्वास राहील. मग नेशील कुणाला या घरातून त्या घरात?"

इर्मा म्हणाली, "पण पणजीबाई, ही रीत तर तुमचीच."

बेर्टा राणी म्हणाली, "माझीच. माझे दोन मुलगे याच दगडाशी तलवारी उपसून उभे होते. मी मधे पडले. म्हटलं, एकाने वाटे घाला, एकाने उचला. तलवारी म्यानात गेल्या. त्या एका दिवसापुरतं केलं होतं मी ते. आणि हे लोक पिढ्यान् पिढ्या तेच करत बसले! आणि त्यातलं अर्धं तर विसरलेच."

"कुठलं अर्धं?"

"वाटणी पक्की व्हायला एक वर्ष आणि एक दिवस लागतो. म्हणजे उद्या. उद्या तिघे भाऊ आपापलं ढेकूळ घेऊन या दगडाशी येतील. तोवर ज्याने पहिलं उचललं त्याने ते परत ठेवलं, तर वाटणी झालीच नाही. पहिला वाटा उचललाच नाही तर दुसरा कसा उचलणार? पण त्याने आपल्या मनाने ठेवायचं. तू ठेव म्हणालीस की फुकट गेलं. त्याने विचारलं तर खरं तेवढं सांग. आणि असं पहिलं ढेकूळ जो ठेवेल त्याला पुन्हा कधी उचलता येणार नाही. तो राजा होणार नाही, त्याच्या मुलाबाळांनाही राज्य मिळणार नाही. सूर्य मावळायच्या आत, बरं का."

"आत्तापर्यंत कुणी ठेवलंय?"

"एकानेही नाही," बेर्टा राणी म्हणाली आणि तिचे डोळे पुन्हा काळ्या रंगात गेले.

आता इर्माला वाटा नव्हता, त्यामुळे तिला हद्दही नव्हती. ती कुठेही जाऊ शकत होती. मग आईला खोपीत ठेवून ती धावत सुटली. तिला वाटलं, कूनोवर एवढं ओझं कशाला? आवाज आणि हसू मागून तर बघू.

आधी गेली गेबहार्टकडे. म्हणाली, "दादा, आईचा आवाज गेला. तुझ्याकडे राहिलाय. दे परत."

गेबहार्ट म्हणाला, "कसं शक्य आहे? मी तोळ्यामाशाचा फरक केला नव्हता. आणि आवाज गेला कुठे? ऐक ना." खरंच, रिकाम्या चुलीपाशी आईचा आवाज येत होता. "गेबहार्ट, शाल घे रे, बाहेर गार आहे." गेबहार्टने शाल घेतली आणि समाधानाने बसला. "बघ," म्हणाला, "आई आहेच इथे." इर्माने आवाज पकडायला हात पुढे केला. तो काय हातात येतोय!

मग गेली वोल्फ्रामकडे. तो स्वयंपाकघरात एका रिकाम्या खुर्चीला विनोद सांगत बसला होता, आणि खुर्चीतून आईचं हसू ऐकू येत होतं. लहानपणी त्याचे विनोद कुणी ऐकले नव्हते हो. इर्माने त्याला बेर्टा पणजीचं सगळं बोलणं सांगितलं. म्हणाली, "वोल्फ्राम, आई संपत चाललीय." त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मी मधला. धाकट्याने ठेवल्याशिवाय मला ठेवता येतं का? मला काय विचारतेस?"

म्हणजे गाडी पुन्हा कूनोपाशीच आली.

दुसऱ्या दिवशी इर्मा आईला हळूहळू टेकडी चढवत किल्ल्यावर घेऊन आली. पोचायलाच दुपार उलटली. कूनो दगडाकडे जायला निघालाच होता. अंगात नवा कोरा कोट, आणि हातात काचेच्या पेटीत ते ढेकूळ! वर्षभर त्याने ते असं जपलं होतं. आईला बघून तो धावत आला.

"आई! ये ये, पलंग तयार आहे तुझा."

आई त्याच्याकडे बघत राहिली.

"आई हसत का नाही गं?"

इर्मा म्हणाली, "हसू वोल्फ्रामकडे राहिलंय."

"बोलत का नाही?"

"आवाज गेबहार्टदादाकडे राहिलाय."

कूनोला काही समजेना. "मग माझ्याकडे काय राहिलंय?"

"झोप," इर्मा म्हणाली. "आठ महिने आई झोपलेली नाही. तिची झोप वर तुझ्या पलंगावर आहे. तुझ्या वाट्याची."

ते ऐकून कूनो पांढराफटक पडला. का, माहितेय? आई गेल्यापासून तो रोज दुपारी त्या पलंगावर लोळायचा. तिथे त्याला अशी गाढ झोप लागायची, अशी गोड झोप, की जन्मात कधी लागली नव्हती. त्याला वाटायचं, राजा झालो ना, म्हणून लागते. तो जिना चढून वर गेला. गादीवर आईच्या अंगाचा खळगा तसाच होता, आणि त्याच्यावर त्याच्या स्वतःच्या अंगाचा. कूनो पलंगाशी मटकन खाली बसला. म्हणाला, "मी आईची झोप झोपलो."

इर्मा दारात उभी. तिच्या ओठांवर आलं होतं, की ठेव रे ते ढेकूळ, ठेव. पण तिने जीभ दाताखाली धरली. बाहेर सूर्य खाली खाली चाललेला.

बऱ्याच वेळाने कूनोने विचारलं, "इर्मा, यावर उपाय असेल ना गं काही?"

आता विचारलंय म्हटल्यावर सांगायला हवं. इर्माने सगळं सांगितलं. बेर्टा पणजी काय म्हणाली ते, वर्ष आणि एक दिवस, आणि राजा होणार नाहीस, तुझ्या मुलांनाही राज्य मिळणार नाही, तेही. काही लपवलं नाही. पण ठेव असं म्हणाली नाही.

कूनोने त्या पेटीकडे बघितलं. काय आलं असेल हो त्याच्या मनात? सगळ्यांनी वापरून झालेलं घेत घेत वाढलेला पोर. एवढं एकच पहिलं मिळालेलं. मला तर हेल्गाबाई सांगत होत्या तेव्हा वाटत होतं, नाही ठेवणार हा. आणि खरं सांगू, नसतं ठेवलं तरी मी त्याला फार वाईट म्हटलं नसतं.

कूनो उठला. खाली आला. आईला त्याने उचलून घेतलं. ती इतकी हलकी झाली होती की त्याला हुंदकाच आला. आणि तसाच तो टेकडी उतरायला लागला. मागून पेटी घेऊन इर्मा.

दगडाशी गेबहार्ट आणि वोल्फ्राम येऊन थांबले होते. आपापल्या हद्दीत, आपापलं ढेकूळ घेऊन. सूर्य झाडांना टेकला होता. कूनोने आईला दगडावर बसवलं, पेटी उघडली आणि ढेकूळ वाडग्यात परत ठेवलं.

"मी उचलत नाही," तो म्हणाला.

वोल्फ्राम ओरडला, "अरे वेड्या, काय करतोस? राजा राहणार नाहीस तू!"

"नसेन."

"पुन्हा कधी मिळायचं नाही!"

"माहितेय मला. दादा, आईकडे बघा जरा. नुसतं बघा."

तेव्हा त्या दोघांनी पहिल्यांदा नीट बघितलं. आईच्या अंगातून मावळता सूर्य दिसत होता, बाळांनो. वोल्फ्रामच्या हातून ढेकूळ वाडग्यात कधी पडलं ते त्याचं त्याला कळलं नाही. गेबहार्ट मात्र तसाच उभा. म्हणाला, "पण मी सारखेच केले होते रे. खरंच सारखे केले होते." एवढा मोठा बाप्या, आणि लहान मुलासारखं ओठ काढून रडायला लागला. मग त्याने हद्द ओलांडली आणि आपलं ढेकूळ आईच्या ओटीतच ठेवलं.

राणीने हात पुढे केला. उरलेली दोन्ही ढेकळं वाडग्यांतून काढून ओटीत घेतली. आणि तिन्ही एकत्र करून चुरडली, आपण भाकरी चुरतो ना, तशी. कुठली माती टेकडीची, कुठली नदीची, कुठली जंगलाची, काही कळेना.

मग काय झालं? नदीकडून आधी हसू आलं. मग जंगलाकडून आवाज आला. राणीच्या अंगाला रंग चढला, पलीकडचं दिसायचं बंद झालं. तिने तिघांकडे बघितलं, एकेकाच्या तोंडाकडे. आता ही काय बोलणार म्हणून तिघेही श्वास रोखून उभे.

राणी म्हणाली, "इतके दिवस लावलेत होय रे?"

आणि हसली. आणि मग टेकडीकडून आली झोप. तशीच ती इर्माच्या मांडीवर कलंडली आणि झोपली. आठ महिन्यांची झोप ती! तीन राजपुत्र आपापले कोट तिच्यावर घालून तिथेच जमिनीवर बसून राहिले. चौथ्या दिवशी ती जागी झाली.

मग पुढे संस्थान एकच राहिलं. गेबहार्ट गादीवर बसला, कारण कुणीतरी बसायला हवंच होतं. पण कुठलीही गोष्ट कापायच्या आधी तो इर्माला विचारायचा. वोल्फ्रामने नदी सांभाळली. आणि कूनो? त्याला काही मिळालं नाही. तो राजा झाला नाही, त्याच्या मुलांनाही राज्य मिळालं नाही. त्या घराण्याच्या वंशावळीत राजांच्या नावाखाली भल्या मोठ्या ओळी आहेत म्हणे. कूनोच्या नावाखाली नुसतं लिहिलंय, "याने परत ठेवलं." त्याच्यानंतर त्या घरात पुन्हा कधी वाटणी झाली नाही.

आणि राणी? राणीने स्वतः सांगितलं, मी आता खालीवर करणार नाही, मला एक खोली द्या. तिथे तिने आपली पेटी पूर्ण रिकामी केली. कधी हा मुलगा भेटायला यायचा, कधी तो, कधी तिघेही. अशी ती नऊ वर्षं राहिली. मग म्हातारी झाली आणि गेली. आया काय कायमच्या नसतात रे. पण गेली तेव्हा झोपेत गेली, आदल्या संध्याकाळी पोरांशी हसून बोलून गेली. गेली ती अख्खी गेली.

काही नाही झालं, डोळ्यात काहीतरी गेलंय माझ्या. एर्लेनश्टाइनची माणसं सुखाने राहिली, तुम्हीही राहा. ओजसचा हुंकार केव्हाच थांबलाय. रेवा, तूही मीट आता डोळे. मी आहे इथे.